घरोट म्हणजे जातं

नमस्कार मंडळी. संयोजकांनी विषय दिलाय 'दूरशिक्षणातली माझी वाटचाल', पण वाटचाल कसली, मी आपला टेबलाशी बसून लिहीत होतो, चालायचे ते विद्यार्थी.

हैदराबादला १९८२ ला देशातलं पहिलं मुक्त विद्यापीठ निघालं, १९८५ ला दिल्लीत इंदिरा गांधींच्या नावाचं इग्नू आणि १९८९ ला नाशिकला आपलं यशवंतराव चव्हाण, राम ताकवले सर पहिले कुलगुरू, ब्रीद 'ज्ञानगंगा घरोघरी'. मी तेव्हा साध्या कॉलेजात मराठी शिकवायचो आणि माझं ठाम मत होतं की कविता काय पोस्टाने शिकवतात का! मग मलाच एक घटक लिहायला मिळाला. घटक म्हणजे पुस्तकाचं प्रकरण, पण त्याचा साचा ठरलेला, आधी उद्दिष्टं, मग विवेचन, दोन-तीन पानं झाली की एक प्रश्न, उत्तरं शेवटी. आता कवितेचं उद्दिष्ट काय लिहायचं सांगा, 'हा घटक अभ्यासल्यावर तुम्हाला गलबलून येईल'? यावर मी पुष्कळ भांडलो आणि हरलो. पण एक गोष्ट मात्र त्या साच्याने शिकवली, 'विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे' सोडून 'तुम्ही बघा' असं लिहायला. पंधरा वर्षं वर्गात उभं राहून जे जमलं नव्हतं ते तिथे जमलं.

मी घेतल्या बहिणाबाई. आसोद्याची, अक्षर न शिकलेली बाई, कविता लिहून घेतल्या मुलाने आणि त्याच्या मावसभावाने, पुस्तक आलं १९५२ ला, ती गेल्यावर. मी प्रामाणिकपणे कठीण शब्दांची यादी दिली, त्यात 'घरोट : जाते'.

वर्षभराने खान्देशातल्या एका अभ्यास केंद्रावर रविवारच्या संपर्क सत्राला, म्हणजे समोरासमोरच्या वर्गाला, गेलो. समंत्रक, म्हणजे केंद्रावर शिकवणारे, उशिरा येणार होते म्हणून मीच फळ्यापाशी. समोर एसटी कंडक्टर, दोन पोलीस, अंगणवाडीताई, बरेचजण बारावी न झालेले, विद्यापीठाचा पूर्वतयारी अभ्यासक्रम करून बीएला आलेले. मागच्या बाकावर एक पन्नाशीच्या मावशी पदर तोंडाला लावून हसत होत्या. म्हटलं काय झालं? तर म्हणाल्या, "सर, घरोटाचा अर्थ कोणासाठी लिहिला हो?"

मला उत्तर देता येईना. कारण लिहिताना माझ्या डोळ्यासमोर सदाशिव पेठेतला एकोणीस वर्षांचा पोरगा होता, जो कधी मुक्त विद्यापीठात येणारच नव्हता! मग मावशींनी कविता वाचली, म्हणजे वाचली कसली, जात्यावर बसल्यासारखी म्हटली, दर ओळीला खांदा पुढे-मागे. मी 'लय' या विषयावर चार पानं खरडली होती, ती मी त्या दिवशी कुणाला वाचायला सांगितली नाहीत.

पुढच्या आवृत्तीत मी तो अर्थ काढला आणि तिथे प्रश्न टाकला, 'तुमच्या गावी जात्याला काय म्हणतात?' संपादकांचा फोन, सर, घटकाच्या शेवटी याचं उत्तर द्यायचं राहिलंय. म्हटलं राहू द्या, ते पोरं पाठवतील.

पाठवलीही, स्वाध्यायांच्या गठ्ठ्यातून, कोकणातून, मराठवाड्यातून, कुणी आजीला विचारून, कुणी जात्याचं चित्र काढून. एका पठ्ठ्याने लिहिलं होतं, 'आमच्याकडे गिरणी म्हणतात, आठ ते बारा चालू, लाईट असेल तर.' मी फुल मार्क दिले.