जावयाला दूध बाधलं, दही का नाही?

(एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेतील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'दूध न पचणे आणि प्रोबायोटिक'. प्रोबायोटिक म्हणजे पोटाला गुण यावा म्हणून घेतलेले जिवंत जंतू. सत्कार, प्रास्ताविक आणि माझ्याबद्दलच्या चार अतिशयोक्त वाक्यांत बराच वेळ गेलाय. तेव्हा शेवटी घाई होणार, आधीच सांगून ठेवते.

दूध न पचणारा माणूस म्हणजे आपल्याकडे चेष्टेचा विषय. त्यातून गाव कोल्हापूर असेल तर संपलंच! गंगावेशीतला दूध कट्टा तुम्हाला ठाऊक आहे. म्हैस समोर उभी, धार थेट भांड्यात, ग्लासावर चार बोटं फेस. माझ्या भाचीने तमिळ मुलाशी लग्न केलं. जावई पहिल्यांदा आले तेव्हा आमचे भाऊजी, म्हणजे भाचीचे वडील, त्यांना देवदर्शनाच्याही आधी तिथे घेऊन गेले. जावई नको म्हणेनात, कारण सासऱ्याला पहिल्याच दिवशी नाही कोण म्हणणार? एक ग्लास झाला. भाऊजी म्हणाले, "लाजताय काय जावईबापू, हे काय पिशवीतलं न्हाई!" दुसरा झाला. मग सगळे झुणका-भाकर खायला पन्हाळ्याकडे निघाले. वाघबीळ येईपर्यंत जावयांच्या कपाळावर घाम, पोटात असा गुरगुराट की मागच्या सीटवरच्या आत्याबाईंना वाटलं गाडीचं काहीतरी बिघडलंय. पुढचं सांगत नाही, जेवणाची वेळ जवळ आली आहे.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी झाली. दुपारच्या पंगतीत जावयांनी भात मागवला, त्यावर दही ओतलं, हाताने कालवलं आणि शांतपणे तीन वाट्या दही संपवलं. काही झालं नाही. संध्याकाळपर्यंत भाऊजी त्यांच्याकडे डोळा ठेवून होते, तरी काही झालं नाही! भाऊजींचा तो घाव अजून भरलेला नाही. "आमचं दूध सोसत नाही, आणि त्याच म्हशीचं दही तीन वाट्या? हे नखरे आहेत." मंडळी, हे नखरे नाहीत, आणि माझं आजचं व्याख्यान एवढ्यावरच आहे.

दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती लहान आतड्यात फोडायला लॅक्टेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, लागतं. तान्हेपणी ते सगळ्यांकडे असतं, पुढे जगातल्या साधारण दोन तृतीयांश माणसांत ते कमी होतं. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथले जंतू ती आंबवतात, वायू धरतो, पाणी ओढलं जातं आणि वाघबीळ येतं. मोठेपणीही लॅक्टेज चालू ठेवणारा जनुकीय बदल फिनलंडमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये शोधला. आपल्याकडे तो वायव्येला जास्त, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी आढळतो. १९८१ च्या एका अभ्यासात दिल्लीत शंभरात सत्तावीस जणांना लॅक्टोज सोसत नव्हतं, तर त्रिवेंद्रम-पाँडिचेरीत सहासष्ट जणांना. म्हणजे जगाच्या हिशोबाने जावई चारचौघांसारखे आणि अपवाद आमचे भाऊजी. हे मी त्यांना सांगितलं, तेव्हापासून ते माझ्याशी जरा जपूनच बोलतात.

आता मेचनिकॉफ. हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधला हा रशियन शास्त्रज्ञ, १९०८ चा नोबेल मानकरी. बल्गेरियातले शेतकरी आंबवलेलं दूध खातात म्हणून दीर्घायुषी होतात, असं त्याने मनावर घेतलं. त्या दह्यातला जंतू स्टामेन ग्रिगोरोव्ह या तरुण बल्गेरियन डॉक्टरने १९०५ मध्ये वेगळा केला होता. मेचनिकॉफ स्वतः रोज आंबट दूध प्यायचा आणि एकाहत्तराव्या वर्षी गेला. या सभागृहातले निम्मे लोक ती इयत्ता कधीच पास झालेत! (हशा.) म्हणून दह्याकडून अमरत्व मागू नका. पण दूध पचवायच्या कामात ते खरंच उपयोगी आहे.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, पळते.

दही जमताना पाव ते तिसरा हिस्सा लॅक्टोज संपतं, बाकीचं तसंच राहतं. तरी दही सोसतं, कारण दह्यातले जिवंत जंतू स्वतःचं लॅक्टेज घेऊन पोटात उतरतात. लहान आतड्यात पित्तामुळे त्यांची भिंत सैल होते आणि ते विकर आपली साखर फोडतं. १९८४ मध्ये अमेरिकेत लॅक्टेज कमी असलेल्या दहा जणांना १८ ग्रॅम लॅक्टोज एकदा दुधातून, एकदा दह्यातून दिलं. श्वासातला हायड्रोजन, म्हणजे साखर न फुटता आंबल्याची खूण, दह्यानंतर तिसऱ्या हिश्श्यावर आला. प्रोबायोटिकचे बहुतेक दावे फेटाळणाऱ्या युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये हा दावा मात्र मान्य केला. अट एकच, ग्रॅममागे निदान दहा कोटी जिवंत विरजणाचे जंतू हवेत.

हे जंतू वाटसरू आहेत, मुक्काम करत नाहीत. त्यामुळे सकाळी प्रोबायोटिकची कॅप्सूल आणि रात्री बासुंदी हा हिशोब जमत नाही. भाऊजींनी औषधाच्या दुकानातून आणलेला खोका मी भिंग घेऊन वाचला. जंतूंची लांबलचक नावं, कोटींचे आकडे, पण दूध पचण्याबद्दल अवाक्षर नाही. दुकानदार मात्र "दूध पचायलाच आहे" म्हणून शपथेवर सांगत होता. प्रोबायोटिक म्हणजे एक औषध नव्हे. जंतूचा कुठला वाण, किती, आणि कशासाठी तपासलाय, हे विचारा. काही वाणांनी थोडा गुण दिलाय, पण २००५ मध्ये प्रयोगांचा आढावा घेतला तेव्हा सरसकट फायदा दिसला नाही. दह्याचा पुरावा कॅप्सूलपेक्षा भक्कम आहे आणि ते स्वस्तही पडतं.

जंतू मेले की काम कमी होतं. म्हणून कढी उकळलीत तर ती चवीसाठी प्या. फ्रिजबाहेर महिनोन्महिने टिकणारं खोक्यातलं ताकही तसंच, तापवून बंद केलेलं. अदमुऱ्या दह्यात जंतू जिवंत असले तरी साखर जास्त राहते, ते बेताने खा. चक्का टांगला की लॅक्टोज पाण्याबरोबर निथळतं, म्हणून श्रीखंड बहुधा सोसतं. कोजागरीचं आटवलेलं दूध ही मात्र परीक्षाच. तुपात जवळपास काहीच नाही. बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅम, म्हणजे कपभर दूध, तेही जेवणाबरोबर, सोसतं. रोज थोडं थोडं घेत गेलं तर मोठ्या आतड्यातले जंतूही सरावतात. दूध एकदम तोडून टाकू नका, कॅल्शियम कुठून आणणार? आणि वजन उतरत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर दुधाला दोष देत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

अध्यक्ष उभेच राहिले, म्हणजे प्रश्नोत्तरं बाहेर. बाहेर चहा आलाय. मघाशी एक ताई विचारत होत्या, दूध सोसत नाही तर चहा चालेल का? कपात तीस-चाळीस मिलिलिटर दूध म्हणजे दीड-दोन ग्रॅम लॅक्टोज. निवांत प्या.