वाढदिवसाचं जेवण नको, मक्याचं पोतं मोजा

मंडळी, पुण्यात अनाथाश्रमाला मदत म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: वाढदिवसाला एका वेळचं जेवण द्यायचं तर किती पैसे होतील? या रीतीचे तोटे इथेही दिसतात. रविवारी दुपारी एकाची श्रीखंड-पुरी, संध्याकाळी दुसऱ्याचा पुलाव, आणि बुधवारी डाळीचा डबा रिकामा. आश्रम केनियात असेल तर ही रीत इथेच ठेवून जा. तिथल्या स्वयंपाकघराला वाढदिवस कळत नाहीत, पोती कळतात.

तेव्हा हिशेब पोत्यांत मांडू. पाच ते चौदा वर्षांची चाळीस मुलं धरा, तीन वेळचं जेवण. माणशी रोज साडेतीनशे ग्रॅम मक्याचं पीठ, शंभर ग्रॅम सुका राजमा, पंचवीस ग्रॅम तेल, शंभर ग्रॅम पालेभाजी, चिमूटभर आयोडीनयुक्त मीठ. पीठ, राजमा आणि तेल मिळूनच अठराशेच्या आसपास कॅलरी होतात. आपल्या शाळांतल्या पोषण आहारात पाचवीपर्यंतच्या मुलाला एका वेळेला शंभर ग्रॅम धान्य आणि वीस ग्रॅम डाळ असते, त्याच्या शेजारी हे आकडे ठेवून बघा. महिन्याला झालं चारशे वीस किलो पीठ, एकशे वीस किलो राजमा, तेहतीसेक लिटर तेल. केनियात मक्याचं पोतं नव्वद किलोचं असतं, म्हणजे पाच पोती मका आणि साधारण दीड पोतं राजमा. देणगीदाराला ‘एका मुलाचं पालकत्व घ्या’ म्हणण्यापेक्षा ‘एक पोतं घ्या’ म्हणा. पोत्याची पावती मागता येते.

मका गिरणीतून आणताना चाळून पांढरंशुभ्र पीठ करू नका म्हणावं. कोंडा काढला की वजन घटतं आणि कसही जातो. या पिठाची घट्ट उकड म्हणजे उगाली. मका आणि राजमा एकत्र शिजवला की गिथेरी. मक्यात जे प्रथिन कमी पडतं ते राजमा भरून काढतो, आपल्या खिचडीतल्या तांदूळ-डाळीसारखंच. म्हणून पैसे कमी पडले की आधी राजमा कापायचा, ही सवय मोडा. राजमा रात्रभर भिजवला तर सरपण वाचतं, आणि सरपण हाही खर्चाचा मोठा आकडा आहे. अंदाजपत्रकात तो हटकून विसरला जातो. तिथल्या पालेभाजीला सुकुमा विकी म्हणतात. शब्दशः अर्थ ‘आठवडा ढकला’. नावातच सगळं आलं.

आता वेळेबद्दल. रिफ्ट व्हॅली या केनियातल्या मक्याच्या पट्ट्यातला मुख्य मका ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये निघतो. तेव्हा भाव पडलेले असतात. पुढे ते चढत जातात आणि नवं पीक येण्याआधीचे महिने सगळ्यांत महाग. आपल्या देणग्या दिवाळीला येतात आणि मार्चअखेरीला. दिवाळीचे पैसे नोव्हेंबरातच रवाना केले तर तेवढ्याच रकमेत जास्त पोती येतात. मार्चची वाट बघणाऱ्याला मात्र आधीच सांगून टाका की परदेशी संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर ८०जीची आयकर-सूट मिळत नाही.

स्वस्त मिळतो म्हणून वर्षाचा मका भरायचा का? इथे जपा. ओलसर मक्यावर बुरशी येते, तिच्यातून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं, आणि ते शिजवून जात नाही. २००४ साली पूर्व केनियात अशा मक्याने सव्वाशे माणसं दगावली. दाण्यात ओलावा साडेतेरा टक्क्यांच्या वर नको. मीटर नसेल तर कोरडी काचेची बरणी घ्या. त्यात मूठभर दाणे आणि दोन-तीन चमचे कोरडं मीठ टाकून मिनिटभर हलवा, पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा पंधरा टक्क्यांच्या वर आहे, माल परत. चिकटलं नाही म्हणजे साडेतेराच्या आत आहे असं मात्र नाही, तो आणखी वाळवायचाच. साठवण फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब, हवाबंद तिपदरी पिशव्यांत. एवढी सोय नसेल तर तीन महिन्यांच्या वर साठा करू नका, भाव कितीही पडलेला असो.

इथून तांदूळ-डाळीचा कंटेनर पाठवायची कल्पना दर बैठकीत कोणी तरी काढतंच. मार्केट यार्डातला भाव बघून ती सुचते; जहाजभाडं, कस्टम्स आणि बंदरातला मुक्काम त्या भावात धरलेला नसतो.

पैशांची वाट हा खरा गुंता. एफसीआरए आपल्याला अडवत नाही, तो परदेशातून येणाऱ्या पैशाचा कायदा आहे. पण तुमचा न्यास इथे नोंदलेला असेल तर उद्देशांत भारताबाहेरचं काम आहे का ते बघा. शिवाय बाहेर खर्च केलेल्या उत्पन्नावर करसवलत हवी तर प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते. न्यास नसताना लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर सार्वजनिक न्यासांच्या कायद्यातलं, गणेश मंडळांच्या ओळखीचं कलम ४१ क आहेच, धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते.

सगळ्यांत जास्त घोळ मित्रमंडळींच्या गटात होतो. बाराजण एकाच्या बचत खात्यात दहा-दहा हजार टाकतात. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात पन्नास हजारांवर रक्कम आली की ती त्याचं उत्पन्न धरली जाऊ शकते. त्यापेक्षा मोठ्या देणगीदाराने स्वतःच्या खात्यातून, रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली थेट पाठवावं. मर्यादा वर्षाला अडीच लाख डॉलर, म्हणजे आपल्यापैकी कोणालाच आड येणार नाही. पॅन आणि बँकेचा ए-२ अर्ज लागतो, त्यात पैसे कशासाठी त्याचा कोड भरायचा असतो. धर्मादाय संस्थेच्या देणगीचा हेतू-कोड एस १३०३. वैयक्तिक भेटीचा एस १३०२ टाकू नका. वर्षाला दहा लाखांपर्यंत टीसीएस, म्हणजे पाठवतानाच बँक वसूल करते तो कर, कापला जात नाही. बँकेत ‘ओयूआर’, म्हणजे सगळं शुल्क पाठवणाऱ्याने भरायचा पर्याय मागा, नाहीतर मधल्या बँका आपलं शुल्क रकमेतून कापतात आणि तिकडे पाच पोत्यांऐवजी साडेचारचे पैसे पोचतात.

पैसे पोचल्यावर आश्रमाने धान्य-दुकानदाराला एम-पेसाने, म्हणजे तिथल्या मोबाइलवरून पैसे देण्याच्या सेवेने द्यावेत, व्यवहाराचा संदेश आणि वजनाची पावती आपल्याला पाठवावी. मुलांचे फोटो मागू नका. जेवणाऱ्यांची रोजची हजेरी मागा. ती आणि संपलेली पोती जुळतात का ते बघा. चाळीस मुलांत महिन्याला सात पोती मका संपत असेल तर विचारायला हवं.

आणखी एक विचारायचं: यातल्या किती मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत? पुष्कळ ठिकाणी उत्तर ‘बऱ्याच’ असं येतं. गरिबीपायी मूल आश्रमात ठेवलेलं असतं. केनियाने २०१७ पासून नव्या आश्रमांची नोंदणी थांबवली, म्हणून तुमच्या आश्रमाची नोंदणी कधीची ते आधी बघा. आणि देणगी वाढली की मुलांची संख्याही वाढताना दिसली, तर पुढचा हप्ता रोखून बोला. तेच पोतं एखाद्या मावशीच्या किंवा आजीच्या घरी पोचवता येतं का, ते त्यांच्या समाजसेवकाला विचारा. पहिल्या खेपेला एकाच महिन्याचे पैसे पाठवा. वजन जुळलं की दुसऱ्याचे.