तेच इनपुट, तेच आउटपुट

[दृश्य: उट्रेख्त शहर, विद्यापीठाचा परिसर]

नेदरलँड्समधलं उट्रेख्त विद्यापीठ. 2003 साली एल्को डॉल्स्ट्रा नावाचा संशोधक इथे एका जुन्या कटकटीच्या मागे लागला. प्रोग्रॅम एका मशीनवर बिनतक्रार चालतो, दुसऱ्यावर मान टाकतो. कोड तोच, मग अडतं कुठे? कुठल्याशा लायब्ररीची, म्हणजे आयत्या कोडच्या संचाची, जुनी आवृत्ती, नाहीतर कुणीतरी कधीकाळी हाताने टाकलेली आणि कुठेच नोंद नसलेली फाइल.

फंक्शनल प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांना हे जास्तच टोचतं. हास्केल या फंक्शनल भाषेतल्या शुद्ध फंक्शनला तेच इनपुट द्या, उत्तर तेच येणार. पण त्याच हास्केलचा बिल्ड, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवण्याचं काम, मात्र मशीनच्या मर्जीवर! दोन पॅकेजेसना एकाच लायब्ररीच्या न जुळणाऱ्या आवृत्त्या हव्या असल्या की सगळं ठप्प. या छळाला हास्केलवाल्यांनी ‘कबाल हेल’ असं नावच देऊन टाकलं होतं.

डॉल्स्ट्राने बिल्डलाच फंक्शन मानलं. सोर्स कोड, कंपायलर, लायब्रऱ्या, बिल्डची स्क्रिप्ट, सगळी इनपुटं. यातून निक्स हे सॉफ्टवेअर बिल्ड करून बसवणारं साधन उभं राहिलं, आणि 2006 मध्ये त्याचा पीएचडीचा प्रबंध.

[दृश्य: टर्मिनल, निक्स स्टोअरमधली फोल्डरं]

निक्स जे बनवतं ते या फोल्डरांत ठेवतं. त्यांची नावं जवळून बघा. प्रत्येकाच्या सुरुवातीला 32 अक्षर-अंकांचा हॅश, म्हणजे इनपुटांवरून काढलेला ठसा. इनपुटमध्ये एक स्वल्पविराम जरी हलला, तरी हॅश बदलतो आणि फोल्डर नवं बनतं. यात ई, ओ, टी आणि यू ही इंग्रजी अक्षरं कधीच सापडणार नाहीत. चुकून एखादा वावगा शब्द तयार होऊ नये म्हणून ती मुद्दाम गाळली आहेत. फाइल आज बनलेली असो वा गेल्या वर्षी, तिच्यावर तारीख 1 जानेवारी 1970 ची. बिल्डला इंटरनेटही मिळत नाही. बाहेरून काही आणायचंच असेल, तर त्याचा हॅश आधी लिहून द्यावा लागतो.

इतकी शिस्त कशासाठी, ते सीआय सर्व्हरवर, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल आपोआप बिल्ड करून तपासणाऱ्या मशीनवर कळतं. जीएचसी हा हास्केलचा कंपायलर तसा निवांत गडी. प्रत्येक कमिटला, म्हणजे नोंदवलेल्या बदलाला, सगळ्या लायब्रऱ्या पहिल्यापासून कंपाइल करायला लावल्या, तर दिवस त्यातच जायचा. निक्स आधी कॅशेला, म्हणजे पूर्वी बनवलेल्या गोष्टींच्या साठ्याला विचारतं: या हॅशचं काही तयार आहे का? असेल तर ते उतरवून घेतं. त्या कॅशेवर विसंबता येतं, कारण एकही इनपुट हॅशच्या बाहेर राहिलेलं नसतं.

[दृश्य: टेस्टचा लॉग, एक ओळ लाल]

आता टेस्ट. क्विकचेक हे हास्केलचं टेस्टिंगचं साधन स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या चाल्मर्स विद्यापीठातल्या कोएन क्लासेन आणि जॉन ह्यूज यांनी 2000 साली मांडलं. यात उदाहरणं लिहायची नसतात, नियम लिहायचा: यादी दोनदा उलटी केली की मूळ यादी परत मिळते. क्विकचेक 100 वेगवेगळ्या याद्या स्वतः बनवून नियम तपासतं, आणि तो मोडला तर चूक दाखवणारी शक्य तितकी छोटी यादी शोधून हातात ठेवतं.

मात्र या याद्या यादृच्छिक असतात. म्हणून प्रत्येक रनचं सीड, म्हणजे ज्या आकड्यावरून त्याच याद्या पुन्हा बनवता येतात तो, लॉगमध्ये छापलंच पाहिजे, यात तडजोड नको. नाहीतर रात्री पडलेली टेस्ट सकाळी आपोआप हिरवी होते, ‘पुन्हा रन केलं, झालं’ म्हणत सगळे पुढे जातात, आणि बग तसाच प्रॉडक्शनवर पोचतो.

[दृश्य: हायड्राचं पान, बिल्डची रांग]

निक्सवाल्यांचा स्वतःचा सीआय म्हणजे हायड्रा. तो चक्क व्हर्च्युअल मशीन सुरू करून आख्खी निक्सओएस, म्हणजे निक्सवर उभी असलेली लिनक्स प्रणाली, तपासतो. ठरलेल्या टेस्ट पास झाल्याशिवाय चॅनल, म्हणजे वापरणाऱ्यांना नव्या आवृत्त्या पोचवणारी वाट, पुढे सरकत नाही.

डिप्लॉय करताना, म्हणजे नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवताना, जुनं काही पुसलं जात नाही. नवी आवृत्ती शेजारच्या फोल्डरमध्ये उतरते आणि एक सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारी खूण, तिच्याकडे वळते. काही बिनसलं, तर तीच सिमलिंक मागे फिरवायची. डेटाबेसला मात्र ही सोय नाही. टेबलातला कॉलम एकदा उडवला, की कुठलीही सिमलिंक तो परत आणत नाही. म्हणून मायग्रेशन, म्हणजे डेटाबेसची रचना बदलणारी स्क्रिप्ट, जुन्या आणि नव्या, दोन्ही आवृत्त्यांना चालेल असंच लिहायचं, आणि कॉलम काढायचं काम पुढच्या रिलीजवर ठेवायचं.