कोरम

ग्रामपंचायतीच्या फळ्यावरची ही ग्रामसभेची नोटीस. खाली शिक्का, सही, विषयपत्रिका. गावातल्या एका मुलीनं फोटो काढून तो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, आणि केळीच्या बागेत घड उतरवणाऱ्यांनी तो तिथंच वाचला.

ग्रामसभेची नोटीस ७ दिवस आधी निघते, दवंडीही होते. पण चोपड्याकडच्या या तापीकाठच्या गावात दवंडीच्या वेळी अर्धं गाव शेतात असतं. मग कोरम भरत नाही. कोरम म्हणजे १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यांतली जी संख्या कमी असेल ती. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब. आणि तहकूब सभेला कोरमची अटच नाही! मग मोजक्या सह्यांवर गावाचा विकास आराखडा मंजूर होतो. खरी गोम इथं आहे.

आता ग्रुप बघा. रोजचं "पानी उनं का?" चालूच आहे. त्याखाली कुणीतरी ई-ग्रामस्वराज पोर्टलवरचा खर्चाचा तक्ता टाकलाय. ग्रामपंचायतींची कामं आणि खर्च दाखवणारं हे सरकारी पोर्टल कुणालाही उघडता येतं. गावातल्या एका आजींकडे साधा फोन आहे. नातीनं आपल्या स्क्रीनवर खर्चाचा आकडा मोठा करून दाखवला, तो त्यांनी कॅलेंडरच्या पाठीमागे उतरवून घेतलाय. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावीच लागते, तिथं त्या तो विचारणार आहेत.

ग्रुपवर शंभर अंगठे आले तरी कोरमात एकही धरला जात नाही. तिथं माणूसच हजर लागतो.

याच खान्देशात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, १ जुलै २०१८ रोजी मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावानं नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारलं. ती अफवाही मोबाइलवरूनच पसरली होती. म्हणून गावाच्या या ग्रुपवर नियम केलाय: शिक्क्याचा कागद किंवा पोर्टलचं पान असेल तरच पुढं पाठवायचं. असा नियम प्रत्येक गावानं करायला हवा.

सभेचा दिवस. सतरंज्या पुरत नाहीत. मागून एक ताई उठतात, "भाऊसाहेब, प्रोसिडिंगमध्ये काय लिहिलं ते वाचून दाखवा." ग्रामसेवक सभेचं ते इतिवृत्त वाचतात. गटारीचा विषय राहिलेला असतो, तो लिहिला जातो, मग सह्या होतात.

गटारीचं काम आता आराखड्यात आहे. पुढच्या सभेत त्याचा हिशेब मागायचा आहे.