खिडकीचा आवाज अडवणारं काढघालीचं पॅनल

श्रोतेहो, नमस्कार. खिडकीला फोमचे खडबडीत तुकडे चिकटवले, तरी रस्त्याचा गोंगाट तसाच, ही तक्रार नेहमीची. फोम खोलीतला घुमारा कमी करतो. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं, आणि त्याआधी हवाबंद कडा. जिथून वारा शिरतो, तिथून आवाजही शिरतो.

म्हणून आज खिडकीत घालायचं आणि हवं तेव्हा काढायचं प्लायवुडचं पॅनल करू. सुरुवात चौकटीपासून. काचेपासून जमल्यास 10 सेंटीमीटर आत, चारही बाजूंनी 25 बाय 25 मिलिमीटरची लाकडी पट्टी स्क्रूने बसवा. पट्टीमागची फट अ‍ॅक्रिलिक सीलंटने भरा. ही पट्टी कायमची, पॅनल तिच्यावर टेकणार.

मापात घाई नको. रुंदी आणि उंची तीन-तीन ठिकाणी मोजा, लहानात लहान माप धरा आणि त्यातून 4 मिलिमीटर वजा करा. दोन्ही कर्ण सारखे नाहीत? मग खिडकी गुण्यात नाही, म्हणजे तिचे कोपरे काटकोनात नाहीत. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून बसवून पाहा, मगच प्लायवुडला करवत लावा.

18 मिलिमीटर प्लायवुड चौरस मीटरला साधारण 12 किलो भरतं. म्हणजे 1.2 मीटर लांब-रुंद खिडकीचं पॅनल 17 किलोंचं. रोज कोण उचलणार? दोन भाग करा. प्रत्येक भाग 9 मिलिमीटरच्या दोन थरांचा घ्या आणि जिथे दोन भाग जुळतात, त्या कडेला थर 3 सेंटीमीटर मागेपुढे ठेवून चिकटवा, म्हणजे मधला सांधा एकमेकांवर चढेल. सरळ सांध्यातून आवाज थेट येतो. काचेकडच्या बाजूला कापडात शिवलेलं 50 मिलिमीटर जाडीचं रॉकवूल, म्हणजे दगडी तंतूंची गादी, लावा, पण काचेला टेकू देऊ नका. रॉकवूलचा आकार पट्टीच्या आत मावेल एवढाच ठेवा. ते हाताळताना हातमोजे आणि मास्क हवाच.

पॅनलच्या मागच्या कडेला आणि मधल्या सांध्यात ईपीडीएम या कृत्रिम रबराची पोकळ पट्टी चिकटवा. कोपऱ्यावर 45 अंशांत कापा. रबर ओढून चिकटवलं की काही दिवसांत आखडतं आणि नेमकी कोपऱ्यात फट पडते. पॅनल दाबून धरायला दर 30 सेंटीमीटरवर फिरती खिट्टी लावा. रबर निम्मं दबलं पाहिजे.

रात्री दिवा मालवा आणि बाहेरून कोणाला तरी कडेकडेने टॉर्च फिरवायला सांगा. प्रकाशाची रेघ दिसली, तिथे रबर दबलेलं नाही. ट्रकची खोल घरघर मात्र थोडी उरणारच. जड आणि खालच्या सुरातला आवाज अडवायला याहून बरंच जास्त वजन लागतं. काचेवर दव धरतं, तेव्हा सकाळी पॅनल काढून ठेवा. आणि खोलीतून बाहेर पडायची दुसरी वाट नसेल, तर त्या खिडकीला हे लावूच नका.