कॅमेरा कोणत्या घरात राहिला?

वापरलेला छोटा फिल्म कॅमेरा कोल्हापुरात विकत घ्यायचा असेल, तर पहिला प्रश्न कंपनीच्या नावाचा विचारू नये. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये हा कॅमेरा कोणत्या पेठेत, कोणत्या मजल्यावर आणि कशात ठेवलेला होता, हे आधी विचारावे. त्या दोन्ही वर्षी पंचगंगेच्या पाण्याने राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांच्याही वर मजल मारली, आणि शाहूपुरीची कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, दुधाळी अशा भागांतील तळमजल्यांवरची कपाटे पाण्यात गेली. अशा कपाटातला कॅमेरा पुढे पुसला जातो, उन्हात वाळवला जातो, काही वर्षे तसाच पडून राहतो आणि मग विक्रीला निघतो. तो हातोहात फिरलेला असेल, तर त्याचा हा इतिहास विकणाऱ्यालाही ठाऊक नसतो.

म्हणून कॅमेऱ्यालाच विचारावे लागते. आपण पडद्यावर पाहत आहात तो कॅमेरा समोरून नवा वाटतो. आता त्याचे मागचे झाकण उघडून बिजागरीची पिन पाहू, तळाशी ट्रायपॉड बसवण्याच्या भोकातले आटे पाहू आणि रोल ज्या दांड्यावर गुंडाळला जातो त्याच्या बुडाशी उजेड टाकू. बाहेरचे कव्हर कोणीही पुसून लखलखीत करतो. आट्यांच्या खाचेत बसलेला तांबूस गाळ आणि बारीक स्क्रूच्या डोक्यावरचा गंज मात्र कोणी पुसत नाही. ही खूण दिसली, तर किंमत कितीही उतरवून मिळाली तरी तो कॅमेरा खाली ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुरातून वाचलेला कॅमेराही इथल्या पावसाळ्यातून सहजासहजी सुटत नाही. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत भिंती ओल धरतात, कपाटातले कपडे दमट होतात, आणि बंद अंधारात ठेवलेल्या लेन्सच्या काचेवर बुरशी धरते. कॅमेऱ्यासोबत आलेले मूळ चामडी कव्हर पाहून घेणारा खूश होतो. पण तेच कव्हर ओल धरून ठेवते, आणि त्यात वर्षानुवर्षे बटणे लावून बंद केलेला कॅमेरा सर्वांत आधी बुरशीला बळी पडतो. ज्या गावाचे नाव चामड्याच्या कारागिरीने सर्वदूर गेले, त्या गावात हे सांगताना जड वाटते, तरी ते सांगायलाच हवे. त्यापेक्षा हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवलेला, कव्हर हरवलेला कॅमेरा अधिक भरवशाचा असतो.

बुरशी नुसत्या नजरेला बहुधा दिसत नाही. मोबाईलचा टॉर्च लेन्सवर तिरका धरून काचेच्या आत पाहिले, की कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरट तंतू उमटतात. ते काठाशी थोडेसे असतील, तर छायाचित्रावर फारसा परिणाम होत नाही. ते मध्यापर्यंत पसरले असतील, तर बुरशीने काचेवरचा लेप खाल्लेला असण्याची शक्यता मोठी असते आणि लेन्स साफ केल्यानंतरही तो डाग तसाच राहतो.

आता कॅमेऱ्यांच्या नावांकडे येऊ. कोल्हापूरच्या घरांत शोध घेतला, तर बहुधा याशिका एमएफ २ किंवा कोडॅक केबी १० सापडेल. या दोन्हींत फोकस कायमचा ठरलेला असतो आणि छायाचित्रकाराच्या हाती ठरवण्यासारखे फारसे काही उरत नाही. तरीही घरात असा कॅमेरा असेल, तर नवी खरेदी करण्यापूर्वी त्यात एक रोल घालून पाहावा. ज्यांना त्यापुढे जायचे आहे, त्यांच्यासाठी मी तीन कॅमेरे सुचवेन, आणि तिघांचीही तपासणी वेगवेगळी आहे.

ऑलिम्पस ट्रिप ३५ हा कॅमेरा १९६७ च्या सुमारास आला आणि १९८४ पर्यंत बनत राहिला. त्याला सेल लागत नाही. लेन्सभोवतालच्या खवल्यांच्या कड्याखाली सेलेनियमचा प्रकाशमापक आहे आणि तो पडणाऱ्या उजेडावरच चालतो. लेन्सवर तळहात ठेवून बटण दाबले, तर व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावून पाहायच्या खिडकीत, लाल पट्टी वर आली पाहिजे आणि क्षणभर उघडून उजेड आत सोडणारे शटर अडले पाहिजे. उन्हात धरले, तर ते सुटले पाहिजे. बहुतेक विक्रेते एवढेच दाखवतात, परंतु ही अर्धीच परीक्षा आहे. बटण दाबताना लेन्सच्या आत पाहावे: सावलीकडे धरल्यावर उजेड आत घेणारे अ‍ॅपर्चरचे छिद्र मोठे आणि उन्हाकडे धरल्यावर बारीक होते का, हे पाहिल्यावरच मापक जिवंत असल्याची खात्री पटते.

याच कॅमेऱ्याने मला एक धडा शिकवला. मी पाहायला गेलो तेव्हा विकणाऱ्याने माझ्यासमोर तो सलग आठ-दहा वेळा चालवून दाखवला आणि शटरचा आवाज प्रत्येक वेळी स्वच्छ आला. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पहिल्यांदा बटण दाबले, तेव्हा शटरची पाती अर्धवट उघडून तशीच राहिली. पात्यांवर जुने तेल उतरलेले होते. चार वेळा चालवल्यावर ती मोकळी होत आणि रात्रभर पडून राहिली की पुन्हा चिकटत. तेव्हापासून मी कॅमेरा पाहायला जाण्याआधीच विनंती करतो, की कृपया आज तो चालवू नका, पहिला दाब मला देऊ द्या. पहिल्या दाबात जे कळते, ते पुढच्या पन्नास दाबांत कळत नाही.

रोलाय ३५ या कॅमेऱ्याची रचना हाइन्झ वास्के या जर्मन अभियंत्याने केली आणि १९६६ मध्ये कोलोन शहरातील फोटोकिना प्रदर्शनात तो जगापुढे आला. चाळीस मिलिमीटरची टेसार लेन्स आत ढकलली, की हा कॅमेरा शर्टाच्या खिशात मावतो. पण ती लेन्स आत घेण्यापूर्वी लिव्हर ओढून शटर भरावे लागते; हे न जाणता जोर लावणाऱ्यांनी अनेक कॅमेरे बिघडवले आहेत, म्हणून विकणारा लेन्स कशी आत घेतो, हे शांतपणे पाहावे. याचे शटर पूर्णपणे यांत्रिक आहे. वेग अर्ध्या सेकंदावर ठेवून कान द्यावा; जुने तेल घट्ट झाले असेल, तर तो अर्धा सेकंद लांबतो किंवा मध्येच थबकतो. बटण दाबलेले असेपर्यंत शटर उघडे ठेवणाऱ्या ‘बी’ खुणेवर ते धरून ठेवले, तर मागचे झाकण काढून लेन्सच्या आरपार उजेड टाकता येतो आणि बुरशीची परीक्षा याच कॅमेऱ्यात सर्वांत सोपी होते.

त्याच्या प्रकाशमापकाला मात्र १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागत असे आणि तो आता बाजारात येत नाही. त्याजागी १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला, तर काटा हलतो, पण मापन चुकते. श्रवणयंत्राचा ६७५ क्रमांकाचा झिंक-एअर सेल सुमारे १.४ व्होल्टचा असल्याने जवळ जातो. अडचण आकाराची आहे, कारण जुना सेल सुमारे १६ मिलिमीटर रुंदीचा आणि हा ११.६ मिलिमीटरचा. आम्ही उद्यमनगरातल्या एका लेथवर पितळेची बारीक कडी करून घेतली आणि सेल घट्ट बसला. ज्या शहरात बाबूराव पेंटर यांनी स्वतःचा सिनेकॅमेरा तयार केला आणि त्याच्या स्मरणार्थ खरी कॉर्नरला कॅमेरा स्तंभ उभा राहिला, त्या शहरात एका कडीसाठी परदेशी मागणी नोंदवावी लागली नाही, याचा मला मनापासून अभिमान वाटला.

तिसरा कॅमेरा माझ्या सर्वाधिक आवडीचा आहे. १९७९ सालचा ऑलिम्पस एक्सए ही योशिहिसा माइतानी यांची रचना आहे. सरकते झाकण हेच त्याचे कव्हर, त्यामुळे वेगळे टोपण सांभाळावे लागत नाही. घड्याळाच्या दुकानात सहज मिळणारे एलआर ४४ प्रकारचे दोन सेल त्याला पुरतात. मात्र सेल संपले की शटरही बंद पडते. इतक्या लहान देहात खरा रेंजफाइंडर, म्हणजे दोन प्रतिमा जुळवून अंतर ठरवणारी यंत्रणा, आहे, आणि त्याच्या परीक्षेसाठी रंकाळ्याचा काठ उत्तम. चौपाटीवर उभे राहून पलीकडच्या शालिनी पॅलेसच्या मनोऱ्यावर नेम धरावा आणि फोकसचा दांडा अनंताच्या खुणेवर न्यावा. व्ह्यूफाइंडरच्या मध्यभागी दिसणाऱ्या मनोऱ्याच्या दोन प्रतिमा तंतोतंत एकावर एक बसल्या पाहिजेत. मधला ठिपका फिकट झाला असेल, तर चालते. प्रतिमा जुळतच नसेल, तर नाही.

कॉन्टॅक्स टी२ किंवा ऑलिम्पस म्यू २ यांसारखे नव्वदच्या दशकातले स्वयंचलित कॅमेरे फार सुंदर छायाचित्रे देतात, परंतु त्यांचा सर्किट बोर्ड गेला, तर इथला कोणताही कारागीर काही करू शकत नाही. म्हणून मी ते घेणार नाही.

मागच्या झाकणाच्या कडेचा, बाहेरचा उजेड अडवणारा काळा स्पंज वितळून डांबरासारखा चिकट झालेला असेल, तर त्याला घाबरण्याचे कारण नाही. जवळजवळ प्रत्येक जुन्या कॅमेऱ्यात तो तसाच असतो, आणि स्पिरिटने खरवडून काढून त्याजागी काळा लोकरी धागा बसवणे हे एका दुपारचे काम आहे.

कॅमेरा घरी आला, की पहिला रोल केवळ तपासणीसाठी वापरावा. आम्ही छत्तीस चौकटींचा कृष्णधवल रोल घेतला, भवानी मंडपाच्या कमानीपासून पंचगंगेच्या घाटापर्यंत चालत गेलो आणि प्रत्येक चौकटीचे अंतर, अ‍ॅपर्चर आणि वेळ वहीत लिहिली. रोल घरीच धुतला. एप्रिलच्या उकाड्यात टाकीचे पाणी वीस अंशांवर आणण्यासाठी परातीत बर्फ घालावा लागला. दोरीवर वाळणाऱ्या निगेटिव्हवर अकराव्या चौकटीपासून पुढे, प्रत्येकीच्या खालच्या कडेला, एकाच जागी एक काळपट पट्टा उमटला होता. वही उघडून पाहिली, तर दहाव्या चौकटीपर्यंत आम्ही मंडपाच्या सावलीत होतो आणि अकरावी उन्हात घेतली होती. बिजागरीजवळचा धागा कापताना आखूड पडला होता. तिथून ऊन आत शिरत होते. धागा बदलला आणि दुसरा रोल भरला.