नळीच्या सांध्यातले रंग

(कोल्हापुरात विद्यार्थी आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

पंचगंगेच्या काठची ब्रह्मपुरीची टेकडी आपण येताजाता बघतो. १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिथं उत्खनन केलं, तेव्हा मातीतून काचेच्या बांगड्या आणि मणी निघाले. तळेगावला १९०८ मध्ये लोकांनी एकेक पैसा गोळा करून पैसा फंडाचा काच कारखाना उभा केला. कराडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील तर आमच्या घरात मी स्वतः पुसलाय. काचेशी आपलं नातं जुनं आहे, आणि त्या नात्यापोटीच मी आज एका अवघड विषयावर बोलणार आहे: घरी केलेल्या काचेच्या नळीतून नशेची वाफ ओढणं.

मी रसायनशास्त्र शिकवत होतो. निवृत्तीच्या आधी काही वर्षं, प्रयोगशाळेच्या एका खणात मला काचेची एक नळी सापडली. एका बाजूला फुगवलेला गोळा, आत काळपट थर. कशासाठी आहे ते वास घेताच कळलं. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलानं ती केली होती. विचारलं तर म्हणाला, "सर, यात जळत नाही काही. धूर नाही, नुसती वाफ. आणि काच तर सगळ्यात स्वच्छ."

त्याला हे मनापासून वाटत होतं. म्हणून आधी काचेचंच सांगतो.

आमच्याकडे पोलरॉइडचे, म्हणजे प्रकाश गाळणाऱ्या पारदर्शक पट्टीचे, दोन तुकडे होते. एकमेकांवर आडवे धरले की प्रकाश अडतो, अंधार दिसतो. मधे नीट निववलेली, म्हणजे तापवून सावकाश गार केलेली काच धरली तरी अंधारच राहतो. त्या मुलाची नळी मी मधे धरली आणि गोळा जिथं नळीला जोडला होता तिथं निळे, पिवळे, तांबूस पट्टे उमटले. दिसायला फार सुंदर. पण ते रंग म्हणजे काचेत कोंडून राहिलेला ताण. उद्यमनगर-शिरोलीच्या फाउंड्रीत काम करणाऱ्यांना हे सांगायला नको. कास्टिंग घाईनं गार केलं की ते कधी ना कधी तडकतं, आणि तडकताना सांगून तडकत नाही.

साधी काच, म्हणजे बल्बची, बाटलीची, एक मीटर लांब घेतली आणि शंभर अंशांनी तापवली तर जवळजवळ ०.९ मिलिमीटर वाढते. बोरोसिलिकेट काच, आपल्या बीकरची, तेवढ्याच तापमानवाढीला ०.३३ मिलिमीटर. फरक एवढाच, पण ज्योतीवर धरल्यावर एक टिकते आणि दुसरी फुटते. शिवाय बोरोसिलिकेट काचेलाही जोडकाम झाल्यावर भट्टीत साधारण ५६० अंशांपर्यंत नेऊन सावकाश निववावं लागतं. घरी कोण करतं हे? तोंडाशी धरलेली, ज्योतीनं तापलेली नळी फुटली तर कपच्या कुठं जातील याचा विचार करा. ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये तर पारा असतो. ती काच तोंडाजवळही नेण्याची वस्तू नाही.

आता वाफेकडे येतो. काचेच्या गोळ्यातून वाफ हुंगण्याचा इतिहास वाईट नाही, उलट फार मोठा आहे. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्यानं काचेच्या गोळ्यातून ईथरची वाफ एका रुग्णाला दिली आणि त्याच्या मानेवरच्या गाठीची शस्त्रक्रिया सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाली. पुढच्याच वर्षी लंडनच्या जॉन स्नो यांनी त्यातली अडचण ओळखली. तापमान बदललं की हवेतलं वाफेचं प्रमाण बदलतं. त्यांनी ईथरचं उपकरण पाण्यात ठेवलं, पाण्याचं तापमान ठरवलं, आणि मग रुग्णाला किती वाफ मिळते ते त्यांच्या हातात आलं. लायटरच्या ज्योतीखाली धरलेल्या नळीत तापमान कोणाच्याच हातात नसतं. आज थोडं, उद्या दुप्पट. जास्त तापलं की पदार्थ नुसता उडत नाही, तो मोडतो, आणि मोडून काय तयार होतं ते तुम्ही फुफ्फुसात ओढता.

पोटात गेलेली गोष्ट आधी यकृतातून जाते, तिथं तिची छाननी होते. फुफ्फुसात अशी चौकी नाही. कोट्यवधी वायुकोश, आणि हवा व रक्त यांच्यामधला पडदा एका मायक्रॉनहूनही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही, पातळ. ओढलेलं द्रव्य काही सेकंदांत मेंदूत पोचतं. ओढण्याचं व्यसन इतक्या लवकर का लागतं, त्याचं मोठं कारण हा वेग आहे.

२०१९ साली अमेरिकेत व्हेपिंग करणारी, म्हणजे ई-सिगारेटसारख्या उपकरणातून वाफ ओढणारी, तरुण मुलं श्वास कोंडून दवाखान्यात येऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. बहुतेकांनी गांजाचा अर्क ओढला होता, आणि त्या तेलात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटवर मुख्य संशय ठरला. हाच पदार्थ त्वचेच्या क्रीममध्ये असतो, गोळ्यांतून पोटात जातो, आणि सहसा काही होत नाही. त्याच वर्षी आपल्याकडे ई-सिगारेटच्या उत्पादन-विक्रीवर बंदी आली. बंदीमुळं दुकानातली वस्तू गेली, घरी करून बघायची हौस मात्र गेली नाही. एकच नळी चौघांत फिरते तेव्हा क्षयरोगासारखे आजारही फिरू शकतात.

आणि आता त्या मुलाचं. मी रागावलो. सगळ्यांसमोर. नळी टेबलावर ठेवली, वडिलांना बोलावलं, पोलरॉइडमधले रंग त्याला दाखवलेच नाहीत. ते मी संध्याकाळी एकट्यानं बघितले. त्यानंतर तो वर्गात आला नाही. तो सांधा मी आजही आठवतो, कारण कुणीही न शिकवता त्यानं तो जवळजवळ सरळ बसवला होता. त्या हाताला वैज्ञानिक काचकाम शिकवता आलं असतं. मी त्याला फक्त दार दाखवलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

पालकांनो, खणात असं काही सापडलं तर त्या रात्री ओरडू नका. झोपा, सकाळी चहा ठेवा, आणि विचारा: किती दिवस, कशासाठी, कुणाबरोबर. श्वास लागत असेल, छातीत दुखत असेल, तर विचारत न बसता दवाखाना गाठा, आणि काय ओढलं ते डॉक्टरांना खरं सांगा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मन फार खचलं असेल तर टेली-मानसचा १४४१६. हे क्रमांक फळ्यावर लिहून ठेवलेत.

टेबलावर पोलरॉइडचे दोन तुकडे आहेत, एक नीट निववलेली नळी आहे आणि एक घाईनं गार केलेली. पोरांनो, रांग करू नका, चार-चार जण पुढं या. आधी दुसरी धरून बघा.